हात ठरला की चेहरा मोकळा होतो

पुण्याच्या एका दिग्दर्शकाने विचारलं आहे. त्यांचा हा पहिलाच सिनेमा, प्रौढांसाठीचा. चार वर्षं वेगळं राहणारं पंचेचाळिशीतलं जोडपं घराच्या कागदांवर सह्या करायला रत्नागिरीत येतं, पावसाने आंबा घाट बंद होतो आणि एका लॉजच्या खोलीत दोघांना रात्र काढावी लागते. त्या रात्रीचा शरीरजवळिकीचा प्रसंग स्क्रिप्टमध्ये सहा मिनिटांचा आहे. दोघेही कलाकार मुरलेले, पण नाटकातले. कॅमेऱ्यासमोर असं काही त्यांनी केलेलं नाही. प्रश्न तीन आहेत. प्रसंग अश्लील वाटू नये आणि अंग चोरल्यासारखाही वाटू नये, हे कसं साधायचं? प्रकाश आणि कॅमेरा कसा ठेवायचा? आणि सगळं आधीच ठरवून टाकलं तर त्यातला जिवंतपणा जाणार नाही का?

मी सतरा वर्षं सिनेमे आणि वेब मालिकांचं संकलन करते आहे, आणि गेली काही वर्षं अशा प्रसंगांच्या तालमींनाही बसते. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत. ठरवल्याने जिवंतपणा जात नाही. न ठरवल्याने जातो, आणि तो जाताना एडिट टेबलवर स्पष्ट दिसतो.

एका प्रसंगाचे सगळे टेक मला पुन्हापुन्हा बघावे लागतात, कधी आवाज बंद करून. अनुभवी नट घाबरला तरी चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. पण त्याचे खांदे कानांकडे सरकलेले असतात, श्वास गळ्याशीच अडकलेला असतो आणि पायाची बोटं आवळलेली असतात. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रीकरण, माझ्याकडे आले. पलंगावरचा प्रसंग, सात टेक. पहिले दोन सुरेख होते. तिसऱ्या टेकला नटाने नटीचं मनगट उशीवर दाबून धरलं. हे त्याला दिग्दर्शकाने बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मॉनिटरवर बघून सेटवरचे लोक खूश झाले होते. टेकच्या शेवटी तशी दाद ऐकूही येते. मी तो टेक किती वेळा पाहिला असेन कोण जाणे. त्या डोळ्यांत पात्र नव्हतं. ती मान वळवून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला कुणाला तरी शोधत होती. आणि चौथ्यापासून सातव्यापर्यंत तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. वाक्य त्याच्याशी बोलते आहे, लक्ष हातावर. चारही टेक निकामी.

मी तिला फोन करून विचारलं. तिसरा टेक वापरू नका, असं ती म्हणाली, आणि मी तो वापरला नाही. त्यावरून बरीच वादावादी झाली. शेवटी पहिल्या दोन टेकमधून चाळीस सेकंदांचा प्रसंग उभा राहिला. कागदावर तो चार मिनिटांचा होता.

नटीला अंधारात ठेवून 'खरी' प्रतिक्रिया मिळवायची ही कल्पना नवी नाही. १९७२च्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'मध्ये दिग्दर्शक बर्तोलुचीने तेच केलं. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती, समोर मार्लन ब्रँडो. बलात्काराच्या प्रसंगात लोणी वापरायचं हे तिला मुद्दाम सांगितलं नाही, अभिनेत्रीची नव्हे तर मुलीची प्रतिक्रिया हवी होती, असं दिग्दर्शकाने २०१३ साली स्वतःच सांगितलं. श्नायडरने त्याच्या आधीच, २००७ मध्ये, आपला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि पडद्यावरचे आपले अश्रू खरे होते असं सांगून ठेवलं होतं. तो सिनेमा थोर आहे म्हणणारे बरेच आहेत. मला त्या प्रसंगात एक पात्र रडताना दिसत नाही, एक मुलगी एकटी पडलेली दिसते, आणि तिथे माझ्यासाठी गोष्ट थांबते.

असे प्रसंग कलाकारांच्या संमतीने बसवून देणारी माणसं आता आहेत. २०१८ साली 'द ड्यूस' मालिकेसाठी एचबीओने अ‍ॅलिशिया रोडिस यांना इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून नेमलं, इंग्लंडमध्ये इटा ओब्रायन यांनी याच कामाची पद्धत बसवली, आणि २०२० पासून अमेरिकेतल्या कलाकारांच्या युनियनने त्याचे नियम लिहून काढले. आपल्याकडे आस्था खन्ना यांनी हे काम व्यवसाय म्हणून सुरू केलं. तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर अशी व्यक्ती घ्याच. बसत नसेल तर निदान ही जबाबदारी दिग्दर्शक आणि निर्माता सोडून तिसऱ्या माणसाकडे द्या. ज्याच्या हातात काम देणं-न देणं आहे, त्याला 'नाही' म्हणणं कुणालाच सोपं नसतं.

आणि हो, नाटकातले कलाकार असणं हा तुमचा फायदा आहे. रंगमंचावरची मारामारी कशी बसवतात हे त्यांना ठाऊक आहे. थप्पड कुठून निघणार, कुठे थांबणार, आवाज कोण काढणार, सगळं मोजून ठरलेलं असतं, आणि म्हणूनच नट जिवाच्या आकांताने भांडू शकतो. इथे तेच करायचं. बैठकीची लावणी ज्यांनी समोर बसून पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. बाई बसलेली, अंगभर नऊवारी, गाण्याची एकच ओळ ती आठ-दहा वेळा घेते आणि दर वेळी अदा वेगळी. बोट कुठल्या मात्रेला हनुवटीशी येणार हे हाडीमांसी मुरलेलं असतं. म्हणूनच डोळे मोकळे सुटतात, आणि समोरच्याला वाटतं, हे आत्ताच, आपल्यासाठीच घडलं.

तालीम भर दिवसा, उजेडात, पूर्ण कपड्यांत घ्या. पहिल्या दिवशी स्पर्शच नको. दोघांनी हातभर अंतरावरून पूर्ण प्रसंग बोलत-चालत करायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने समोरच्याचा हात स्वतःच्या हाताने धरून आपल्या अंगावर कुठे चालेल ते दाखवायचं: खांदा चालेल, पाठ चालेल, मान समोरून नको. हे ऐकायला कोरडं वाटतं. प्रत्यक्षात त्या खोलीतला ताण दहा मिनिटांत उतरतो, आणि बहुतेकदा दोघं हसायला लागतात. मग आकड्यांत बसवा. तीन मोजेपर्यंत ती बसलेली राहते, चौथ्याला त्याचा हात पलंगाच्या कडेवर, तिच्या हातापासून वीतभर. थांबायचा एक शब्द ठरवा, तो कुणीही उच्चारला की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही. ठरलेलं सगळं कागदावर आणा: काय दिसेल, काय दिसणार नाही, बॉडी डबल (कलाकाराऐवजी दुसऱ्या कुणाचं अंग) आहे का, ट्रेलरमध्ये यातलं काही येणार का, पोस्टरवर येणार का. अमेरिकेत असा करार कलाकाराच्या हातात किमान ४८ तास आधी पडावा लागतो. तुम्ही आठवडा द्या. सेटवर, मेकअप झाल्यावर, सही मागायची नाही.

आता पहिला प्रश्न. अश्लील कधी वाटतं? माझ्या अनुभवात, प्रसंगात काहीच बदलत नसतं तेव्हा. दोन माणसं आत जाताना जशी होती तशीच बाहेर आली तर मधली सहा मिनिटं फक्त अंगं दाखवण्यासाठी होती, हे प्रेक्षकाला बरोबर कळतं. मग तुम्ही रेशमी चादर अंथरा, धूसर फिल्टर लावा किंवा सतार वाजवा, काही उपयोग होत नाही. म्हणून क्रियेपेक्षा निर्णय शूट करा. या खोलीत कोण, कधी, काय ठरवतं?

मी संकलित केलेल्या एका गोष्टीत नायकाला जाड भिंगांचा चष्मा होता. जवळ येताना तो अडणार होता, म्हणून लेखिकेने नुसतं 'तो चष्मा काढतो' असं लिहून ठेवलं होतं. तालमीत नटीने विचारलं, तिने काढला तर? तिने दोन्ही हातांनी काड्या धरून सावकाश काढला. मग प्रश्न आला, ठेवायचा कुठे? पलंगावर ठेवला तर चिरडेल. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, काड्या मिटल्या, चौकटीत ठेवला. या सगळ्या वेळात तो तसाच बसलेला, आणि त्याला आता ती नीट दिसत नाही. डोळे किलकिले झाले. परत येऊन ती त्याच्यापासून दोन फुटांवर थांबली आणि तिथेच उभी राहिली. त्याला ती दिसायला हवी असेल तर त्याने पुढे यायचं होतं. तो आला. स्पर्श व्हायच्या आधीच प्रसंग झाला होता. पडद्यावर तो भाग एक मिनिट वीस सेकंदांचा आहे, आणि पुढचं सगळं मिळून पन्नास सेकंदांचं. लोकांना मात्र तो प्रसंग 'फार धीट' होता असं आठवतं.

तुमच्या खोलीतही अशी वस्तू असेल, शोधा. मला वाटतं ती ट्यूबलाइट आहे. लॉजच्या खोलीत ट्यूबलाइट असणारच. ती कोण बंद करतं? चार वर्षांनी एकमेकांसमोर आलेल्या, वय झालेल्या शरीरांना उजेड हवा आहे का? ती बटणाकडे हात नेते आणि तो 'राहू दे' म्हणतो, की ती म्हणते? या एका गोष्टीवर दोन तालमी घालवल्यात तरी वाया जाणार नाहीत.

शृंगार म्हणजे जागांचा खेळ, हे आपल्याकडे फार जुनं आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. घरची सून वाटसरूला सांगते: सासू इथे झोपते, मी इथे, दिवस आहे तोवर नीट बघून ठेव, रात्री आंधळ्यासारखा आमच्या बिछान्यावर येऊन पडू नकोस. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून ती घेतली, कारण शब्द मनाई करतात आणि सुचवतात ते आमंत्रण. मला तर ती सरळ ब्लॉकिंगची, म्हणजे कोण कुठे असेल आणि कुठे जाईल याची, टिपणी वाटते. खोलीत तीन जागा, एक अंधार, आणि कोण कुठे आहे हे आधी दाखवलेलं. तुमच्या खोलीत पलंग एक की दोन, जोडलेले की लांब, मधे टीपॉय आहे का, हे प्रेक्षकाला प्रसंगाच्या बरंच आधी दिसलं पाहिजे.

अभिनयाबद्दल एवढंच: डोळे मिटून मान मागे टाकणं हा तयार माल आहे, तो दोघांनाही वापरू देऊ नका. पंचेचाळिशीतल्या माणसांचे गुडघे दुखतात, केस कोपराखाली अडकतात, हसू येतं. ते ठेवा. आणि ज्याला स्पर्श होतो आहे त्याचं ऐकणं शूट करा. माझ्या टेबलवर सगळ्यात जास्त कामाला येतो तो हाच चेहरा, काही न करणारा, समोरच्याचं पुढचं पाऊल ऐकणारा.

कॅमेऱ्याकडे येते. शरीरावरून हळूहळू सरकत जाणारा शॉट टाळा. ती नजर खोलीतल्या कुणाचीच नसते. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच नजरेची चिरफाड केली, आणि आजही ती सवयीने शॉट लिस्टमध्ये येऊन बसते. प्रत्येक शॉटला विचारा, हे कोण बघतंय? तो तिला बघत असेल तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या जागी. ती त्याला बघत असेल तर तिच्या. आणि त्याचं तिच्याकडे बघणं चार शॉटमध्ये असेल तर तिचंही चारमध्ये असू द्या.

पलंगावरच्या प्रसंगात एक तांत्रिक अडचण हमखास येते. माणसं आडवी झाली की डावं-उजवं हरवतं. दोन क्लोज-अप जोडले की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, किंवा एकाचं डोकं उलटं वाटतं. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये एक खूण ठेवा: भिंत, उशीची कड, खिडकीचा गज. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एका फ्रेममध्ये घेणाऱ्या शॉटमध्ये, दोघांची पूर्ण बसवलेली हालचाल दोनदा, फार तर तीनदा घ्या आणि सोडा. नंतर क्लोज-अपला फ्रेमबाहेरचं काहीही परत करायला लावू नका. चेहऱ्याचा शॉट असेल तर कलाकाराने खाली ट्रॅक पँट घातलेली असू द्या, अंगांच्या मधे उशी असू द्या. आकड्यांत बसवलेलं असल्यामुळे तुटक शॉटही जुळतात. न बसवलेलं असेल तर प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून, आणि सहाव्या टेकला दोघंही आतून बंद झालेले असतात. कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळावं म्हणून, केस, टिकली, चादरीची घडी आणि मंगळसूत्र यांचे फोटो हवेतच. फोटो मात्र ठरलेल्या एकाच कॅमेऱ्यावर, फोनवर नाही. (वेगळी राहणारी बाई मंगळसूत्र घालून आली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते ठरवा. त्याने तुमचा प्रसंगच बदलेल.)

काय लपवायचं यावर जपानी लोकांकडून शिकण्यासारखं आहे. निक्कात्सु स्टुडिओने १९७१ ते १९८८ 'रोमन पोर्नो' या नावाने कमी खर्चाचे, सत्तरेक मिनिटांचे सिनेमे काढले. दर दहाएक मिनिटांनी एक शृंगारप्रसंग एवढी अट, बाकी दिग्दर्शकाला मोकळीक. कायद्याने बरंच काही दाखवता येत नव्हतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर पडदे, दिवे, बाटल्या, फर्निचर येऊ लागलं, आणि चांगल्या दिग्दर्शकांनी त्या अडथळ्यालाच गोष्टीचा भाग केलं. तुमच्याकडे ओल्या छत्र्या आहेत, वाळत घातलेला शर्ट आहे, मच्छरदाणी आहे.

प्रकाशात मेणबत्ती नको, आणि वीज गेल्याचं निमित्तही नको. अर्धवट उघड्या बाथरूमच्या दाराची फट आणि ओल्या काचेतून येणारा रस्त्याचा दिवा एवढ्यावर काम होतं. दोघांच्या त्वचेचा रंग वेगळा असेल तर कॅमेरा टेस्ट दोघांना शेजारी बसवून घ्या; सावळ्या चेहऱ्याला उजेड कमी पडला की तो कलाकार प्रसंगातून अर्धा बाहेर जातो. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटी रंग जुळवताना, त्वचा गुळगुळीत करून घेऊ नका. चार वर्षं गेली आहेत, ती दिसली पाहिजेत.

तुमची गोष्ट नवरा-बायकोची आहे, म्हणून निकोलस रोगचा १९७३चा 'डोन्ट लुक नाऊ' बघाच. मुलगी गमावलेलं जोडपं व्हेनिसमध्ये आहे. त्यांच्या जवळिकीचा प्रसंग मूळ पटकथेत नव्हता. हे दोघं सतत तणावातच दिसतात असं वाटल्यामुळे रोगने तो घातला. त्याने तो सरळ दाखवला नाही. पलंगावरचे क्षण आणि नंतर जेवायला बाहेर जाण्यासाठी दोघं कपडे घालतात ते क्षण, असे आळीपाळीने जोडले. परिणाम असा की तुम्ही दोन अंगं बघत असतानाच त्यांचा संसारही बघता: तो पट्टा लावतो आहे, ती ओठ रंगवते आहे, दोघं एकमेकांपासून दूर होत आहेत. सेन्सॉरची कात्रीही त्याने बरीच चुकवली, पण मला त्यातलं दुःख जास्त लागतं. तुम्ही हा जोड उचलू नका, तो लगेच ओळखू येईल. फक्त एवढं घ्या की सकाळचं काहीतरी शूट करून ठेवा. ती साडीला पिना लावते आहे, तो कागदांची फाइल शोधतो आहे. एडिटला ते सोन्यासारखं लागतं.

आवाजाचं आधीच बोलून ठेवा. उघड्या अंगावर कपड्याला लावायचा लेपल माइक लपवता येत नाही, वरून दांडीने धरायचा बूमच लागणार, आणि लॉजच्या खोलीचं छत खाली असतं. साउंडवाल्याला तालमीला बोलवा. शूट झाल्यावर दोघांना पूर्ण कपड्यांत बसवून श्वासांचा वेगळा ट्रॅक घ्या, अगदी साधा. डबिंग स्टुडिओत मागाहून काढलेले उसासे प्रसंगाचा घात करतात. पंखा, पागोळ्यांचं पाणी, पलंगाची एक करकर एवढं पुरेल. संगीत मी तरी घालणार नाही.

शूटच्या दिवशी हा प्रसंग सकाळी पहिला लावा. दिवसभर थकल्यावर, रात्री अकराला, पॅक-अपची घाई असताना तर नकोच. सेटवर मोजकी माणसं, मॉनिटर एकच, फोन बाहेर. कट म्हटल्याबरोबर गाउन घेऊन उभी असलेली व्यक्ती कलाकारांनी आधी निवडलेली असावी. आणि माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं: या दिवसाचं फुटेज वेगळ्या, पासवर्ड असलेल्या ड्राइव्हवर जावं, ते कोणाकोणाकडे आहे याची यादी असावी, प्रत्येक व्ह्यूइंग कॉपीवर बघणाऱ्याचं नाव उमटलेलं असावं. न वापरलेले टेक कधी पुसणार हे करारातच लिहा. गळती झालेली क्लिप नटीला आयुष्यभर पुरते, आणि तिथे गोष्टीचा संदर्भ उरत नाही.

सर्टिफिकेटबद्दल घाबरू नका. थिएटरसाठी 'ए' मिळेल, ओटीटीवर २०२१च्या नियमांप्रमाणे 'ए' वर्गवारी आणि वयाची खातरजमा लागेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात अश्लीलतेची जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवून आजच्या समाजाच्या मापाने आणि पूर्ण संदर्भात बघायला सांगितलं. संदर्भ तुमच्याकडे आहे.

राहिली ती सहा मिनिटं. पाऊस धरून साडेतीनवर यायला मला हरकत वाटत नाही. पलंगावरचं हवं तेवढं कापू आपण. पण दारातून आत आल्यापासून ती ट्यूबलाइटच्या बटणापर्यंत पोहोचते, तो भाग स्क्रिप्टमध्ये सध्या चार ओळींचा आहे. तो वाढवा.